वर काय गेलं? आपलं की परकं?

बरेच दिवस ब्लॉगवर काही लिहिलं नव्हतं. पुतण्याचा परवा फोन आला, "काका, आटलं का काय?" म्हणून आज बसलोच. विषय जरा वेगळा आहे. डोक्यावरून काहीतरी उडत जातं आणि आपण म्हणतो, "ते काय गेलं रे?" या एका प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. मी शाळेत इतिहास शिकवला, विमानशास्त्र नव्हे. तरी हा प्रश्न मला इतिहासाचाच वाटतो, कारण त्याचं उत्तर चुकल्यामुळे माणसं मेलेली आहेत.

निमित्त आहे २०२४ सालच्या पावसाळ्याचं. शिरूर, दौंड, आंबेगाव, जुन्नर, खेड, बारामती, इंदापूर... आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक ग्रामीण तालुक्यांत त्या दिवसांत एकच चर्चा होती, रात्रीच्या ड्रोनची. अंधार पडला की वस्तीवर, मळ्यांवर दिवे फिरताना दिसायचे. चोर ड्रोनमधून घरांची पाहणी करतात आणि मग दरोडा घालतात, अशी बोलवा होती. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरू लागले. गावागावांत पोरं काठ्या घेऊन गस्तीला बसली. वस्तीवरच्या बायाबापड्या एका घरात जमून झोपू लागल्या. तिकडे नगर, बीड, संभाजीनगर जिल्ह्यांतही तेच. पावसाळी अधिवेशनात विधिमंडळात विषय निघाला. अफवांवर विश्वास ठेवू नका असं पोलीस सांगत होते, पण ज्याने डोळ्यांनी दिवा पाहिलाय त्याला नुसतं "अफवा" म्हणून कसं पटणार?

त्या दिवसांतली एक रात्र सांगतो. आमच्या आळीतली पंधरा-वीस माणसं गच्चीवर उभी होती. ढगांच्या फटीतून एक दिवा लुकलुकत पूर्वेकडे सरकत होता. "आलं बघा, आलं!" असा गलका झाला. माझा एक जुना विद्यार्थी एमआयडीसीत नोकरीला आहे. त्याने मोबाईल काढला, विमानांचा माग दाखवणारं ॲप उघडलं आणि म्हणाला, "सर, हे मुंबईहून निघालेलं प्रवासी विमान आहे. पस्तीस हजार फुटांवर आहे." सगळे त्या पडद्यावर वाकले. पिवळं विमान नकाशावर रांजणगावच्या डोक्यावर होतं आणि वर दिवाही तिथेच. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक म्हातारबा म्हणाले, "मंग कालचं काय व्हतं?" कालचं मात्र त्या ॲपात नव्हतं.

म्हातारबांचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. जे दिसतं त्याला नाव कसं द्यायचं, आणि ते नाव कोण देणार?

माझी आजी विमानाला 'इमान' म्हणायची. तिच्या लेखी सगळी इमानं एकच. रांजणगाव लोहगावच्या विमानतळापासून फार लांब नाही, पुणे-नगर रस्त्याने चाळीसेक किलोमीटर. लोहगावची धावपट्टी इंग्रजांनी १९३९ मध्ये केली, मुंबईचं हवाई रक्षण व्हावं म्हणून. महायुद्धात तिथे मॉस्किटो, वेलिंग्टन ही बाँबफेकी विमानं आणि स्पिटफायर ही लढाऊ विमानं होती. म्हणजे आजीच्या तरुणपणी शेतात खुरपताना वरून जे जात होतं ते यातलंच काहीतरी असणार. तिला त्याचं नाव ठाऊक नव्हतं आणि त्यामुळे तिचं काही अडलंही नाही. कारण ते 'सरकारचं' आहे एवढं तिला पक्कं माहीत होतं.

अडायला लागलं १९४२ मध्ये. रंगून पडलं, आणि एप्रिलच्या ६ तारखेला जपानी विमानांनी विशाखापट्टणम् आणि काकिनाड्यावर बाँब टाकले. त्याआधीपासूनच मुंबईतून लोक गावाकडे निघाले होते. कोकणच्या बोटी, देशावरच्या गाड्या भरभरून गेल्या. आता वरून जाणाऱ्या इमानाविषयी नवा प्रश्न उभा राहिला : आपलं की परकं?

या प्रश्नाने त्या काळी मोठमोठ्या सैन्यांना घाम फोडला होता. विमानं ओळखायला शिकवण्याचे वर्ग निघाले. प्रत्येक विमानाची काळी सावली छापलेली पत्रकं, तक्ते, अगदी पत्त्यांचे कॅटसुद्धा! शिकवण्याची रीत सोपी होती. आधी पंख बघा : सरळ की मागे वळलेले, धडाच्या वर की खाली. मग इंजिनं किती आणि कुठे. मग धड, शेवटी शेपूट. आपण बैलाची खोंडं पारखतो, शिंगं, वशिंड, पाय, शेपटी अशी, तसाच हा प्रकार. त्यात तरबेज झालेली शाळकरी पोरं इंग्लंडमध्ये नुसत्या आवाजावरून विमानाचं नाव सांगत.

तरी चुका होतच होत्या. १९४३ च्या जुलैत सिसिलीवर अमेरिकन छत्रीधारी सैनिक घेऊन त्यांचीच १४४ विमानं रात्री आली. थोड्या वेळापूर्वी तिथे शत्रूचा हल्ला होऊन गेला होता. खालच्या मित्रसैन्याच्या तोफा सुरू झाल्या आणि स्वतःचीच २३ विमानं पाडली गेली. म्हणून पुढच्या वर्षी नॉर्मंडीच्या स्वारीच्या वेळी मित्रराष्ट्रांच्या विमानांवर पांढरे-काळे जाड पट्टे रंगवले, डोळे मिटून ओळखता यावं इतके जाड.

आपल्या भागाशी संबंधित अशी एक गोष्ट मला फार आवडते. इंग्रजांच्या विमानावरच्या गोल खुणेच्या मधोमध तांबडा ठिपका असे. जपानी विमानावर तर तांबडा सूर्यच. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर घाईत तांबडं दिसलं की गोळी सुटे. शेवटी इंग्रजांनी इकडच्या विमानांवरून तांबडा रंगच काढून टाकला; गडद निळ्यात फिका ठिपका एवढंच ठेवलं. आपल्या हवाई दलाच्या विमानांवरही तेव्हा तीच खूण होती. साम्राज्याची खूण बदलावी लागली, कारण शिपायाला लांबून नीट दिसत नव्हतं!

पण मुंबईला जो खरा दणका बसला त्यात विमान नव्हतंच. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. त्यात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटाही होत्या. आग लागली आणि दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या आत दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसं मेली, हजारो बेघर झाली. माझे एक मामा तेव्हा परळला गिरणीत होते. ते सांगायचे की चाळीत एकच आरोळी उठली, "जपान आला!" काही लोक आकाशात बघत धावत होते. विमान तर कुठेच नव्हतं. मग लोकांनीच ठरवलं की ते फार उंच असणार.

पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. युद्धकाळ म्हणून सरकारने बातमी दाबून धरली. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी स्फोटाची हकीकत जगाला सांगितली, आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना परवानगी मिळायला मे महिना उजाडला. ज्या सरकारने खरं सांगायचं तेच गप्प, आणि शत्रू बोलतोय. अशा वेळी "जपानचं विमान होतं" यावर लोकांचा विश्वास बसला तर त्यांना वेडं कसं म्हणायचं?

शाळेत हा धडा शिकवताना मी मुलांना हेच सांगायचो. अफवा ही नेहमी मूर्खपणातून येते असं नाही. जिथे माहिती पोचत नाही तिथली जागा ती भरून काढते. भांडं रिकामं ठेवलं की त्यात पावसाचं पाणी साचणारच, मग ते गढूळ का असेना.

१९६५ ची गोष्ट मात्र अफवेची नाही. १९ सप्टेंबर १९६५. युद्ध संपत आलं होतं, चारच दिवसांत युद्धविराम व्हायचा होता. गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता मिठापूरहून एका लहान बीचक्राफ्ट विमानाने कच्छच्या सीमेकडे निघाले. पंचायत राज्याची रचना सुचवणारी जी समिती आपण नागरिकशास्त्रात शिकतो, ती याच मेहतांची. सोबत पत्नी सरोजबेन होत्या. विमान चालवत होते जहांगीर इंजिनियर. पाकिस्तानच्या रडारवर ठिपका दिसला. एक सेबर विमान वर आलं. त्याचा वैमानिक होता कैस हुसेन, अगदी तरुण. त्याने पाहिलं की हे छोटं मुलकी विमान आहे. त्या विमानाने पंख हलवून दयेची खूणही केली. त्याने खाली विचारलं. खालून हुकूम आला, पाडा. टेहळणीसाठी आलेलं विमान असावं अशी त्यांची समजूत. आठ माणसं गेली. संध्याकाळी आकाशवाणीवर बातमी लागली तेव्हा कैस हुसेनला कळलं की आपण कुणाला मारलं.

सेहेचाळीस वर्षांनी, २०११ मध्ये, त्याने इंजिनियर यांच्या मुलीला, फरीदा सिंग यांना पत्र लिहून दुःख व्यक्त केलं. त्यांनी उत्तर लिहिलं आणि मनात कटुता न ठेवता त्याला क्षमा केली. दोन्ही पत्रांविषयी वर्तमानपत्रांत वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो होतो. इथे वैमानिकाने विमान नीट ओळखलं होतं. त्याच्या डोळ्यांना जे दिसलं ते खाली बसलेल्यांनी मानलं नाही.

१९७१ मध्ये मी पुण्यात बी.ए.ला होतो. डिसेंबरात ब्लॅकआऊट असे. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. भोंगा वाजला की दिवा मालवायचा आणि कान वर लावायचे. खोलीतल्या आम्हा चौघांत रोज वाद, "आपलं आहे का?" लोहगावहून तेव्हा कॅनबेरा उडत. आवाज गडगडत दूर गेला की कुणीतरी म्हणायचं, "आपलंच." खात्री कशावरून? तर बाँब पडला नाही यावरून. एवढीच आमची विद्या! (हे कॅनबेरा पुढे पस्तीस वर्षं चाललं. ते निवृत्त झालं २००७ च्या मे महिन्यात.)

मग मी मास्तर झालो आणि १९७९ साली जुलैत 'स्कायलॅब' आलं. आठवतं का मंडळी? अमेरिकेची सत्त्याहत्तर टनांची अंतराळ प्रयोगशाळा खाली पडणार, कुठे ते सांगता येत नाही. आपल्याकडे लोक खरोखर हवालदिल झाले. पडायच्या आत कोंबड्या-बकरी कापून खाल्ल्याच्या गोष्टी अजून पारावर सांगतात. वर्गातली पोरं विचारायची, "सर, सहामाही होणार का?" शेवटी ती पडली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात, एस्परन्स गावाच्या आसपास. कुणाला खरचटलंही नाही. सहामाहीही झाली.

आपल्या आकाशातली वर्दळ पुढे वाढत गेली. १९८७ मध्ये मिग-२९ लोहगावला आली. ११ जून १९९७ ला पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांच्या उपस्थितीत पहिली सुखोई-३० हवाई दलात दाखल झाली तीही लोहगावलाच. २००२ च्या सप्टेंबरात सुखोईची सुधारित 'एमकेआय' आली. माझ्या वर्गात तेव्हा मिग आणि सुखोई यांवर पोरांच्या मारामाऱ्या व्हायच्या. दोघांनाही दोन इंजिनं, शेपटीला दोन उभे पंख. फरक आकाराचा. मिग साधारण सतरा मीटर लांब, सुखोई बावीस. एमकेआयला मुख्य पंखांच्या पुढे आणखी दोन छोटे पंख असतात. पण आकाशात शेजारी मोजपट्टी नसते! एका पोराने मला सांगितलेली युक्ती नामी होती : "सर, आवाज आला की आवाजाच्या पुढं बघायचं." बरोबर आहे. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तेवढ्यात लढाऊ विमान बरंच पुढे गेलेलं असतं. आवाजाकडे बघणाऱ्याला रिकामं आकाश दिसतं.

तुम्ही म्हणाल, सर, हे जुनं झालं. आता यंत्रं आहेत. आहेत ना. विमानात असं उपकरण असतं की खालून रडारने विचारलं, "तू कोण?" की ते आपोआप उत्तर देतं, "मी आपला." शत्रूला ते उत्तर देता येत नाही. आता २७ फेब्रुवारी २०१९ आठवा. बालाकोटनंतरचा दिवस, काश्मीरवर हवाई चकमक चाललेली. श्रीनगरहून आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर उडालं. ते उपकरण बंद होतं. खालच्यांना वाटलं शत्रूचं काहीतरी येतंय, आणि आपल्याच क्षेपणास्त्राने ते बडगामला पाडलं. हवाई दलाचे सहा जण गेले, जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत आपले नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती असं जाहीरपणे कबूल केलं. मोठ्या संस्थेने असं उघड बोलणं सोपं नसतं, म्हणून त्याची नोंद इथे करतो.

यंत्र "तू कोण?" विचारतं, पण उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ माणसालाच लावावा लागतो. आणि घाबरलेला माणूस एकच अर्थ लावतो.

आता हसू येईल अशी एक गोष्ट. २०१२ च्या ऑगस्टपासून २०१३ च्या फेब्रुवारीपर्यंत लडाखमध्ये, पँगाँग सरोवराच्या परिसरात, आपल्या जवानांनी चिनी टेहळणी ड्रोनची काळजीपूर्वक नोंद ठेवली. ३२९ वेळा दिवा दिसला, त्यांतल्या १५५ वेळा तो हद्दीच्या आत आला. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावलं. त्यांनी नोंदी तपासल्या आणि सांगितलं, यातला एक गुरू आहे आणि दुसरा शुक्र! या गोष्टीवर जगभर विनोद झाले. पण जरा विचार करा. त्या जवानांनी गोळी झाडली नाही. वेळ लिहिली, दिशा लिहिली, रोज लिहिली. म्हणूनच शास्त्रज्ञांना उत्तर काढता आलं. मला तर ते जवान आदर्श विद्यार्थी वाटतात.

असंच झालं २ एप्रिल २०२२ ला. गुढीपाडवा होता. संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे ओळीने गेले. राज्यभर लोकांनी मोबाईलवर चित्रण केलं. कुणी म्हणे उल्का, कुणी म्हणे विमान पडलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची भली मोठी कडी येऊन पडली, साधारण तीन मीटर व्यासाची. जवळच्या पवनपारला एक धातूचा गोळा सापडला. आधी तज्ज्ञांनाही वाटलं की त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या रॉकेटचा हा भाग असावा. मग जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने कक्षा आणि वेळ जुळवून सांगितलं की हा २०२१ च्या फेब्रुवारीत सोडलेल्या चिनी 'लाँग मार्च ३ बी' रॉकेटचा टप्पा आहे. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन वस्तू तपासून गेले. मला कौतुक वाटतं ते गावकऱ्यांचं. त्यांनी ती कडी भंगारात विकली नाही, तुकडेही केले नाहीत. पोलिसांना कळवलं.

उलट बाजूचं उदाहरण आठवलं की अंगावर काटा येतो. त्यात आकाशाचा संबंध नाही, भीती मात्र तीच. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी बाजाराच्या दिवशी गावात आले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारलं. कोण आहात, कुठले आहात, हे विचारायची सवड कुणाला नव्हती. आपलं की परकं? उत्तर आधीच ठरलेलं होतं.

म्हणून २०२४ च्या त्या रात्री पोरं काठ्या घेऊन बसली तेव्हा मला ड्रोनची भीती वाटली नाही. मला भीती वाटली ती वाट चुकून आलेल्या एखाद्या मोटारसायकलवाल्याची. रांजणगावात एमआयडीसीमुळे कुठकुठली माणसं राहतात. बिहारची, ओडिशाची, मराठवाड्याची. रात्रपाळी सुटल्यावर दोन वाजता अंधारातून चालत खोलीवर जातात. मी पोरांना एवढंच म्हटलं, "बाबांनो, गस्त घाला, पण काठी घरी ठेवा आणि वही आणा." पोरं हसली. पण वही आणली हो! किती वाजता दिसलं, कुठून कुठे गेलं, किती वेळ दिसलं, आवाज आला का.

आठ दिवसांनी वही वाचली तेव्हा बरंचसं धुकं निवळलं. एक-दोन साध्या गोष्टी इथे लिहून ठेवतो, कुणाच्या उपयोगी पडल्या तर पडोत. साधा कॅमेऱ्याचा ड्रोन एका बॅटरीवर फार तर अर्धा-पाऊण तास उडतो. तासन् तास एकाच जागी असलेला आणि हळूहळू मावळतीकडे सरकणारा दिवा म्हणजे ग्रह किंवा तारा. ड्रोन जवळ असेल तर गांधीलमाश्यांसारखी गुणगुण ऐकू येते. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा, उजव्याला हिरवा आणि शेपटीला पांढरा दिवा असतो. म्हणजे नुसता तांबडा दिसत असेल तर विमान तुमच्या उजवीकडून डावीकडे चाललंय. आणि आवाज न करता एका रेषेत सरकणारे मण्यांच्या माळेसारखे दिवे दिसले तर ते बहुधा इंटरनेटचे उपग्रह. या सगळ्यांतून गाळून जे उरलं ते खरोखर ड्रोन होते. थोडे होते, पण होते.

आणि ड्रोन आपल्याला नवीन तरी कुठे आहेत? लग्नात असतात. उसावर औषध फवारतात. गावठाणाच्या मोजणीलाही आले होते. ड्रोनने गावठाण मोजायचा पहिला प्रयोग तर आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला, आणि पुढे २०२० पासून तेच काम 'स्वामित्व' योजना म्हणून देशभर सुरू झालं. त्या वेळी कुणी घाबरलं नाही. कारण आधी दवंडी झाली होती, चुन्याच्या खुणा आखल्या होत्या, तलाठी सोबत होते. २०२१ च्या ड्रोन नियमांनी बहुतेक ड्रोनला नोंदणी क्रमांक सक्तीचा केला, म्हणजे मोटारीसारखी नंबरप्लेटच. पण रात्री चारशे फुटांवरची नंबरप्लेट मळ्यातल्या बाईला कशी वाचता येणार? तिला ती दवंडीतूनच कळायला हवी. ज्याला कुणाला रात्री गावावर ड्रोन उडवायचा आहे त्याने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन ओळी लिहाव्यात, एवढी माझी साधी सूचना आहे. दोन रुपयांचा खडू लागेल.

याचा पुरावाही पुढच्याच वर्षी मिळाला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याच तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याने वीस-बावीस दिवसांत तिघांचा बळी घेतला, त्यांत लहान लेकरं होती. लोक संतापले, रस्त्यावर उतरले. वनखात्याने अंगाची उष्णता टिपणारे ड्रोन रात्री उसावर उडवले आणि त्यांच्या मदतीने तो बिबट्या शोधून काढला. आदल्या वर्षी जो दिवा बघून लोक घरात शिरत होते, तसाच दिवा बघून आता ते अंगणात येऊन उभे राहिले. यंत्रात फार फरक नव्हता. या वेळी ते कुणाचं आहे आणि कशासाठी आलंय हे सगळ्यांना माहीत होतं.

ती वही अजून माझ्याकडे आहे. शंभर पानी, वर गणपतीचं चित्र. पोरांची अक्षरं वाईट आहेत, एकाने 'ड्रोन'चं 'द्रोण' केलंय. (महाभारतातले गुरुजी आकाशातून फिरतायत असं डोळ्यांपुढे आलं!) पण वेळ आणि दिशा चोख लिहिली आहे.

तुमच्याकडे त्या पावसाळ्यात काय झालं? आणि स्कायलॅबच्या वेळी तुमच्या घरी कोंबडी कापली होती का? जरूर लिहा. साताऱ्याच्या वन्संनी तर लिहायलाच हवं, त्यांच्याकडे म्हणे दोन बकरी गेली होती.